गतीची गणितं : नववी ते अकरावीच्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात मी नववी ते अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी जूनमध्ये नववीचा 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा सुरू होतो आणि आठवड्याभरात तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. काही मुलं विचारतात, काही नुसतीच वहीकडे बघत बसतात. दोघांसाठीही ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मराठी माध्यमाचे आणि सेमीचे शब्द जिथे वेगळे पडतात तिथे दोन्ही दिले आहेत.

सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी गणित सुटत नाही. असं का होतं?

कारण गणितात जे घडतंय ते तुमच्या डोळ्यांसमोर आलेलं नसतं. हे मी अगदी ठामपणे सांगते. गतीच्या गणितात अडलेल्या दहा मुलांपैकी एखाद्यालाच सूत्र येत नसतं. बाकीच्यांनी गणित वाचताना फक्त आकडे उचललेले असतात.

कोरेगावहून रोज एसटीने येणारी एक मुलगी होती. 'एक बस विराम अवस्थेतून निघते, काही वेळ एकसमान वेगाने जाते, मग थांबते' असं गणित आलं की ती सगळे आकडे एकाच सूत्रात कोंबायची. एकदा तिला म्हटलं, वही मिट आणि आज सकाळी तुझी गाडी स्टँडवरून कशी निघाली ते सांग. ती म्हणाली, "बाई, आधी हळूहळू जोर धरते, मग सरळ रस्त्याला एकाच स्पीडने पळते, आणि स्टॉप दिसला की ड्रायव्हरकाका आधीच पाय काढतात, मग ब्रेक." म्हणजे तिने तीन टप्पे न विचारता सांगितले. पहिल्यात त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, धन, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात ऋण. मग एका रेघेवर तीन तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याचे आकडे लिहिले. गणित तिचं तिनेच सोडवलं.

म्हणून पहिलं काम पेन्सिलचं. एक आडवी रेघ काढा. वस्तू कुठे सुरू झाली, कुठे संपली, मध्ये त्वरण कुठे बदललं, तिथे खुणा करा. पुढे कोणती दिशा धन धरली त्याचा बाण काढा. सूत्राकडे त्यानंतर जायचं. यात अर्धं मिनिट जातं, पण तेवढ्यात निम्मं गणित झालेलं असतं.

तीन समीकरणांपैकी कोणतं कधी वापरायचं?

एकूण राशी पाच : सुरुवातीचा वेग यू, अंतिम वेग व्ही, त्वरण ए, वेळ टी आणि विस्थापन (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ रेघेतलं अंतर, दिशेसह) एस. गणितात यांतल्या तीन दिलेल्या असतात आणि एक विचारलेली असते. राहिली एक, जी दिलेलीही नाही आणि हवीही नाही. ज्या समीकरणात ही नको असलेली राशी नाही, ते समीकरण तुमचं.

विस्थापनाचं नाव नसेल तर व्ही = यू + एटी. अंतिम वेगाचं नाव नसेल तर एस = यूटी + १/२ एटी वर्ग. वेळेचं नाव नसेल तर व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस. एक अट मात्र कधीही विसरू नका : ही तिन्ही समीकरणं त्वरण एकसमान असतानाच चालतात. त्वरण मध्येच बदललं की नवा टप्पा सुरू, आणि आधीच्या टप्प्याचा अंतिम वेग हा नव्या टप्प्याचा सुरुवातीचा वेग.

चाल, वेग, गती यांत गोंधळ होतो. बोलताना तर सगळं एकच असतं ना?

बोलताना एकच असतं, आणि त्यात काही चूक नाही. गणितात चाल म्हणजे स्पीड, फक्त किती. वेग म्हणजे व्हेलॉसिटी, किती आणि कुठल्या दिशेला. गती म्हणजे मोशन, वस्तू हलते आहे ही घटनाच. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, वेग दर सेकंदाला किती बदलतो ते. वेग कमी होत असेल तर पुस्तकात त्याला ऋण त्वरण, अवत्वरण किंवा मंदन म्हटलेलं दिसेल. तिन्ही एकच.

अंतर आणि विस्थापनाचंही असंच. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत तुम्ही कोणत्या रस्त्याने गेलात त्यावर अंतर ठरतं. विस्थापन मात्र सगळ्यांचं सारखंच, नकाशावर दोन ठिकाणं जोडणारी सरळ रेघ.

गणिताचं मराठीच कळत नाही. नेमकं काय दिलंय ते कसं ओळखायचं?

हा प्रश्न मुलं लाजत लाजत विचारतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. गतीच्या गणितांत काही मराठी शब्द खरोखरच फसवे आहेत.

पहिला शब्द 'स्थिर'. 'गाडी स्थिर अवस्थेतून निघाली' याचा अर्थ ती उभी होती, यू शून्य. 'गाडी स्थिर वेगाने जात आहे' याचा अर्थ वेग बदलत नाही, ए शून्य. एकच शब्द आणि दोन ठिकाणी दोन वेगळ्या राशी शून्य! 'स्थिर' दिसला की थांबा आणि पुढचा शब्द वाचा. 'विराम अवस्था' लिहिलं असेल तर शंकाच नाही, यू शून्य.

दुसरी जोडी 'पाच सेकंदांत' आणि 'पाचव्या सेकंदात'. पहिल्यात सुरुवातीपासूनचं सगळं अंतर हवंय. दुसऱ्यात चार सेकंद संपल्यापासून पाच संपेपर्यंतच्या एकाच सेकंदातलं. गाडी विराम अवस्थेतून २ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने निघाली तर पाच सेकंदांत ती २५ मीटर जाते. चार सेकंदांत १६ मीटर. म्हणून पाचव्या सेकंदात २५ वजा १६, म्हणजे ९ मीटर. यासाठी वेगळं सूत्र मिळतं, पण ते पाठ करण्यापेक्षा ही वजाबाकी कायम लक्षात राहते.

तिसरी जोडी 'वेग २० झाला' आणि 'वेग २० ने वाढला'. एका 'ने'मुळे पहिल्यात व्ही मिळतो आणि दुसऱ्यात व्ही वजा यू.

चौथी, 'सोडला' आणि 'फेकला'. गच्चीवरून दगड सोडला म्हणजे यू शून्य. पण 'वर जाणाऱ्या फुग्यातून दगड सोडला' असं असेल तर दगडाला फुग्याचा वेग आधीच मिळालेला असतो, आणि सुटल्यावर तो क्षणभर वरच जातो. धावत्या एसटीतून उतरताना अंग पुढे का जातं, ते ज्याने अनुभवलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

किमी प्रतितासचं मीटर प्रतिसेकंद करताना ५/१८ ने गुणायचं की १८/५ ने?

एक किलोमीटर म्हणजे १००० मीटर, एक तास म्हणजे ३६०० सेकंद. १००० भागिले ३६०० बरोबर ५/१८. ताशी किलोमीटरवरून सेकंदाला मीटरकडे जाताना आकडा लहान होतो, म्हणून ५/१८. उलट जाताना १८/५.

ओळखीचे काही आकडे डोक्यात ठेवले तर चूक लगेच पकडता येते. १८ म्हणजे ५, ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०. आपल्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ३००० मीटर स्टीपलचेस ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत धावली. एकूण ५५९.७६ सेकंद, म्हणजे सरासरी चाल सुमारे ५.३६ मीटर प्रतिसेकंद, ताशी १९.३ किलोमीटर, तेही अडथळे आणि पाणी ओलांडत. तेव्हा चालत शाळेत जाणाऱ्या मुलाची चाल ६ मीटर प्रतिसेकंद आली, तर तो ललितापेक्षा जोरात पळतोय! असं उत्तर आलं की परत वर जाऊन एककं तपासायची.

जाताना २० आणि येताना ३०, तर सरासरी चाल २५ का नाही?

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं आहे. सोयीसाठी अंतर २४ किलोमीटर धरू. स्कूटीवर दोघं, चढ असल्यामुळे जाताना ताशी २०, येताना ताशी ३०. जायला १ तास १२ मिनिटं लागतील, यायला ४८ मिनिटं. एकूण अंतर ४८ किलोमीटर, एकूण वेळ २ तास. सरासरी चाल ताशी २४.

२५ येत नाही, कारण दोन्ही चालींनी सारखा वेळ प्रवास झालेला नाही. हळू चालीत तुम्ही जास्त वेळ होता, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली. एक तास २० ने आणि एक तास ३० ने गेला असता, तर २५ बरोबर होतं. म्हणून सरासरी चाल विचारली की दुसरा कुठलाच विचार नको : एकूण अंतर भागिले एकूण वेळ.

आणि या फेरीचा सरासरी वेग? शून्य. निघालात तिथेच परत आलात, विस्थापन शून्य. मुलांना हे पहिल्यांदा फार खटकतं. पण चाल आणि वेग यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

वर फेकलेल्या वस्तूच्या गणितात उणे चिन्ह कुठे द्यायचं?

दिशा तुम्ही निवडायची आणि गणित संपेपर्यंत ती बदलायची नाही. नियम एवढाच. बहुतेक चुका मध्येच दिशा बदलल्यामुळे होतात : चढताना वरची दिशा धन, आणि दगड खाली यायला लागला की खालची.

एक गणित पूर्ण करून पाहू. १० मीटर उंच गच्चीवरून ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने दगड सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे मिळणारं त्वरण, १० धरू. वरची दिशा धन, गच्ची हे शून्य. मग यू अधिक ५, त्वरण उणे १०, आणि जमीन गच्चीच्या खाली म्हणून विस्थापन उणे १०. दगड आधी वर गेला, मग खाली आला, हे विस्थापनाला कळतच नाही. ते फक्त सुरुवात आणि शेवट बघतं.

−१० = ५टी − ५टी वर्ग. पाचने भागून मांडलं की टी वर्ग − टी − २ = ० येतं. उत्तरं दोन, २ आणि उणे १. दगड २ सेकंदांनी जमिनीवर.

तुकड्यांत सोडवलं तरी हेच येतं. वर जायला अर्धा सेकंद, तेवढ्यात १.२५ मीटर. तिथून ११.२५ मीटर खाली पडायला दीड सेकंद. एकूण दोन. शंका वाटली की दोन्ही वाटांनी सोडवून बघत जा.

उणे १ चं काय, असं कुणीतरी विचारतंच, आणि विचारावंच. त्याचा अर्थ असा : हाच दगड गच्चीवरून न फेकता जमिनीवरून असा फेकला असता की गच्चीपाशी त्याचा वेग बरोबर ५ असेल, तर तो एक सेकंद आधी जमिनीवर असता. समीकरणाला तुमचा हात दिसत नाही, ते गती मागेही वाढवून दाखवतं. आपल्या गणितात दगड त्या वेळी हातातच होता, म्हणून ते उत्तर सोडायचं.

सर्वांत वरच्या बिंदूला वेग शून्य, मग त्वरणही शून्य ना?

नाही. तिथेही ९.८, खालच्या दिशेने. त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू तिथेच लटकत राहिला असता.

ब्रेकच्या गणितात उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. सूत्र तर बरोबर आहे.

बस ताशी ५४ किलोमीटर वेगाने चालली आहे, म्हणजे १५ मीटर प्रतिसेकंद. चालकाने ब्रेक दाबला, मंदन ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग. ८ सेकंदांत बस किती पुढे जाईल? सरळ सूत्रात घाला : १५ गुणिले ८ वजा दीड गुणिले ६४, म्हणजे १२० वजा ९६. उत्तर २४ मीटर.

आता बस कधी थांबते ते काढा. १५ भागिले ३, म्हणजे ५ सेकंदांत, आणि तोपर्यंत ती ३७.५ मीटर गेलेली असते. मग आठ सेकंदांनी २४ मीटर कशी? सूत्राने थांबलेल्या बसला तीन सेकंद मागे पळवलं. बस ब्रेकमुळे थांबते, ब्रेकमुळे मागे जात नाही. बरोबर उत्तर ३७.५ मीटर.

अकरावीत मी स्वतः असंच गणित चुकले होते. २४ लिहून पुढच्या प्रश्नाला गेले, आणि थांबण्याची वेळ काढून बघावी हे सुचलंच नाही. तेव्हापासून ब्रेकचं गणित दिसलं की मी आधी 'कधी थांबेल' तेवढंच काढते, मग बाकीचं.

याच गणितात एक गोष्ट आहे जी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ३ मीटर प्रतिसेकंद वर्ग मंदनाने ताशी ३६ ची गाडी सुमारे १६.७ मीटरमध्ये थांबते, ताशी ७२ ची ६६.७ मीटरमध्ये. वेग दुप्पट, अंतर चौपट. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो, त्यात गाडी आणखी १० किंवा २० मीटर पुढे सरकते. म्हणजे २६.७ आणि ८६.७. आणि उतार असेल तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध काम करतं. उतारामुळे मंदन ३ चं २.५ झालं, तर ६६.७ चे ८० मीटर होतात. पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं एस आकाराचं उतरतं वळण वर्षानुवर्षं धोक्याचं का राहिलं, त्यातलं बरंच काही व्ही वर्ग = यू वर्ग + २एएस या ओळीत आहे. मोठ्या मुलांना मी हे गणित मुद्दाम दोनदा करायला लावते. लायसन्सची वाट बघत असतात सगळी.

जी ९.८ घ्यायचा की १०?

गणितात दिलाय तो. दिला नसेल तर ९.८. साताऱ्यात तो प्रत्यक्षात सुमारे ९.७८ आहे, ध्रुवांवर ९.८३ च्या आसपास, पण शाळेच्या गणिताला एवढ्या बारकाव्याची गरज पडत नाही.

विहिरीत दगड टाकून खोली काढतात, ते खरंच बरोबर येतं का?

येतं, थोड्या फरकाने. दगड सोडल्यापासून २ सेकंदांनी 'डुबुक्' ऐकू आलं, तर अंतर १/२ गुणिले ९.८ गुणिले ४, म्हणजे १९.६ मीटर. ही खोली काठापासून पाण्यापर्यंतची, तळापर्यंतची नव्हे.

आता जरा नीट पाहू. त्या दोन सेकंदांत आवाज वर यायचा वेळही आहे. आवाजाचा वेग ३४० मीटर प्रतिसेकंद धरला तर दगड प्रत्यक्षात सुमारे १.९४५ सेकंदच पडत होता, उरलेले ०.०५५ सेकंद आवाजाचे. मग अंतर भरतं सुमारे १८.५ मीटर. सेकंदाच्या अठराव्या भागाने मीटरभराचा फरक पडला! कारण शेवटी शेवटी दगड १९ मीटर प्रतिसेकंद वेगाने पडत असतो.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला गेलात तर हे गणित तोंडीच करा, दगड टाकू नका. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या काळापासून कुणीतरी जपत आणलेली ती वास्तू आहे.

आलेख आला की घाबरायला होतं.

मला तर आलेख सगळ्यात सोपा वाटतो, कारण टप्पे आपोआप दिसतात. आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा. अंतर असेल तर रेषेचा चढ म्हणजे चाल. वेग असेल तर चढ म्हणजे त्वरण, आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. आडवी रेषा पहिल्या आलेखात 'गाडी उभी आहे' सांगते, दुसऱ्यात 'एकसमान वेगाने चालली आहे'. ९० टक्के चुका या एका ओळीत आहेत असं मला अनुभवाने वाटतं.

रिक्षा निघाली, १० सेकंदांत तिचा वेग १० मीटर प्रतिसेकंद झाला, ४० सेकंद तोच राहिला, मग ५ सेकंदांत ती थांबली. आलेख काढा, वर पत्र्याच्या शेडसारखा आकार दिसेल. डावा त्रिकोण ५०, मधला आयत ४००, उजवा त्रिकोण २५. एकूण ४७५ मीटर. एकही समीकरण लागलं नाही.

रेल्वे प्लॅटफॉर्म ओलांडते तेव्हा कोणतं अंतर घ्यायचं?

गाडीची लांबी अधिक प्लॅटफॉर्मची लांबी, कारण इंजिन आत शिरल्यापासून शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत मोजायचं. २४० मीटरची गाडी, ३६० मीटरचा प्लॅटफॉर्म, ताशी ५४ : ६०० भागिले १५, ४० सेकंद. खांब किंवा उभा माणूस ओलांडायचा असेल तर फक्त गाडीची लांबी, १६ सेकंद.

बैल गाडीला जितक्या बलाने ओढतो तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी हलते कशी?

प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. न्यूटनने तिसरा नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला, त्यातली क्रिया आणि प्रतिक्रिया ही दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात. म्हणून ती एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. तुझ्या खिशातले शंभर गेले आणि मित्राच्या खिशात शंभर आले, म्हणून तुझा हिशोब शून्य होत नाही.

फक्त गाडीकडे बघ. तिच्यावर दोन बलं : जुवातून बैलाचं पुढे ओढणं, आणि चाकांपाशी घर्षणाचं मागे ओढणं. पुढचं जास्त असेल तर गाडी पुढे. आता फक्त बैलाकडे बघ. गाडी त्याला मागे ओढते, पण तो खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. हे जमिनीचं बल मोठं म्हणून बैल पुढे जातो. पावसाळ्यात उसाच्या फडातून भरलेली गाडी काढताना बघितलं असेल : चिखलात खूर घसरले की बैलांत ताकद असूनही गाडी जागची हलत नाही. जमिनीने पुढे रेटायचं थांबवलेलं असतं.

एक वस्तू निवडायची, बाकी जग पुसून टाकायचं, आणि तिच्यावरची बलं तेवढी बाणांनी काढायची. अकरावीत याच चित्राला फ्री बॉडी डायग्रॅम म्हणतील.

अकरावीत प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची गती) आली आणि सगळं अवघड झालं. नववीचं काही उपयोगी पडतं का?

नववीचंच सगळं आहे, फक्त दोनदा. आडव्या दिशेला त्वरण शून्य, उभ्या दिशेला जी. दोन्ही गणितं वेगवेगळी मांडायची, त्यांना जोडणारा धागा वेळ.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. या प्रकारात लक्ष्य ५० मीटरवर असतं. बाणाचा वेग ८० मीटर प्रतिसेकंद धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. आडवं गणित : ५० भागिले ८० म्हणजे ०.६२५ सेकंद. उभं गणित : अगदी आडवा सोडलेला बाण तेवढ्या वेळात १/२ गुणिले ९.८ गुणिले ०.६२५ चा वर्ग, म्हणजे १.९१ मीटर खाली येतो. जवळजवळ दोन मीटर! बाण किती जोरात सुटला याचा या पडण्याशी थेट संबंध नाही. त्याच क्षणी हातातून नुसता सोडलेला बाणही ०.६२५ सेकंदांत तेवढाच पडला असता. म्हणून धनुष्य किंचित वर रोखावं लागतं, आणि किती वर ते प्रत्येक अंतराला वेगळं.

परीक्षेत कसं लिहायचं?

दिलेली माहिती एककांसह, काय काढायचं आहे, सूत्र, किमती घातलेली ओळ, उत्तर आणि त्याचं एकक. उत्तर चुकलं तरी बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात, म्हणून मनातल्या मनात सोडवून नुसतं उत्तर लिहू नका. वेगाच्या उत्तराला दिशा लिहा. एकक सगळ्यात शेवटी लावण्याऐवजी पहिल्या ओळीपासून बरोबर ठेवा.

दहावीत गती हा धडा नाही, मग नववीचं कच्चं राहिलं तर चालेल का? (हा पालकांचा प्रश्न)

नाही चालणार. दहावीच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, आणि मुक्त पतनाची गणितं याच तीन समीकरणांवर आहेत, फक्त ए च्या जागी जी. अकरावीचं तर वर आलंच. पण त्यासाठी मुलाला शंभर गणितं द्यायची गरज नाही. पंधरा गणितं चित्रासह, दोन वाटांनी, आणि उत्तर पटतंय का हे बघून सोडवली तर माझ्या अनुभवात पुरतात. आणि कृपा करून मुलाला 'तुझं गणित कच्चं आहे' असं म्हणू नका. बऱ्याचदा वाचन घाईचं असतं, एवढंच.

घरी करून बघण्यासारखा काही प्रयोग आहे का? शाळेत प्रयोगशाळेत नंबर लागत नाही.

आहे, आणि त्याला एक फोन आणि सुताराची मोजायची टेप पुरते. टेप दोन मीटरपर्यंत भिंतीला उभी चिकटवा, शून्य वरच्या टोकाला. एकाने खुर्चीवर उभं राहून चेंडूचा खालचा कडा शून्यापाशी धरायचा. दुसऱ्याने फोन समोर, टेपच्या मध्यावर, न हलवता धरून व्हिडिओ घ्यायचा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत चेंडू कुठे आहे ते लिहून काढा. उजेड भरपूर हवा, नाहीतर चेंडूची नुसती रेघ उमटते.

हिशोबाने ६ फ्रेमनंतर, म्हणजे ०.२ सेकंदांनी, चेंडू १९.६ सेंटिमीटरवर हवा. १२ फ्रेमनंतर ७८.४ वर. १८ नंतर १७६.४ वर. आता लागोपाठचे फरक बघा : १९.६, ५८.८, ९८. पहिल्याने भागलं की १, ३, ५. गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळी सोडून आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचं वजन करून वेळ मोजून हाच नियम शोधला आणि १६३८ मध्ये छापला. त्याच्याकडे सेकंद दाखवणारं घड्याळही नव्हतं.

तुमचे आकडे इतके नेटके येणार नाहीत. हाताने चेंडू नेमका कोणत्या फ्रेममध्ये सोडला हे ठरवणं सगळ्यात कठीण असतं. १८ च्या जागी १९ फ्रेम मोजल्या तर जी ८.८ येतो, १७ मोजल्या तर ११ च्या जवळ. म्हणून माझ्या वर्गात आम्ही पाच वेळा चेंडू सोडतो, पाचही व्हिडिओ वेगवेगळ्या मुलांना मोजायला देतो आणि मग पाच उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.